वरून कोण बघतंय

मी एक जुना ड्रोन आहे, मित्रांनो, आणि तोही पोलिसांचा. चार पंखे, दोन पाय आणि पोटाखाली एक डोळा, एवढाच माझा संसार. त्यातला एक पंखा आता फिरत नाही आणि एका पायाला चिकटपट्टी लावलेली आहे. डोळा मात्र अजून ठणठणीत आहे. तोच आधी बिघडला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. का, ते सांगतोच. पण सुरुवातीला थोडी बढाई मारून घेऊ द्या, कारण पुढे मला तोंड उरणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझा डोळा बसवला आणि तो तपासायला खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला औषधाची एक बाटली ठेवली. बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं समोरच्या पडद्यावर ठळक उमटली. "अगंबाई, हा तर माझ्या सासूबाईंच्या नजरेचा निघाला!" त्या म्हणाल्या आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. मला ते कौतुक वाटलं. डोळा चांगला असण्यात वाईट काय असणार, असं मी तेव्हा समजत होतो.

मग मला खोक्यात घालून एका पोलीस ठाण्यात पाठवलं. तिथे खोकं उघडलं तेव्हा सगळं ठाणं गोळा झालं. मी पहिल्यांदा पंखे फिरवले तशा टेबलावरच्या पावत्या उडाल्या आणि एका हवालदारांची टोपी थेट चहाच्या पातेल्यात पडली. त्याच दिवशी माझं नाव 'भुंगा' ठरलं.

मला उडवायचं काम एका शिपाईबाईंकडे आलं. त्या आधी मोठ्या चौकात वाहनं अडवायच्या. उभं राहून राहून त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांना हे बसायचं काम दिलं. सगळे त्यांना चिडवायला 'पायलटबाई' म्हणू लागले. जन्मात कधी विमानात न बसलेली बाई पायलट झाली म्हणून त्या स्वतःच सगळ्यांपेक्षा जास्त हसायच्या. मला हातात घेताना मात्र त्या तान्ह्या मुलाला घ्यावं तसं दोन्ही हातांनी घ्यायच्या. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही राग नाही. पुढे जे झालं ते आम्हा दोघांचं आहे.

एकदा त्या टोपीवाल्या हवालदारांनीच साहेबांना विचारलं होतं, "साहेब, हा लोकांच्या घरांवरून जाणार. त्याला काही परवानगी-बिरवानगी?"

"कुणाच्या घरात शिरायचं तर न्यायाधीशांचा हुकूम लागतो," साहेब म्हणाले. "आकाशात कसला आलाय हुकूम? आकाश काय कुणाच्या बापाचं आहे?"

सगळे हसले. मला हसता येत असतं तर मीही हसलो असतो. त्या वेळी आमच्यासारख्यांसाठी कायदाच नव्हता. रस्त्यावर सायकलला नियम होते, हातगाडीला होते, गळ्यात पट्टा नसलेल्या कुत्र्यालाही होते. मला नव्हते.

सरावासाठी पायलटबाई मला रोज एकाच वाटेने न्यायच्या. ठाण्याच्या अंगणातून वर, मग फर्निचरवाल्यांच्या गल्लीवरून पुढे, शेवटी कालव्यापर्यंत आणि परत. त्या गल्लीत सोफे दुरुस्त करण्याचं एक दुकान होतं. दुकानाच्या गच्चीवर एक लहानशी खोली होती, पाण्याची टाकी होती आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं टोमॅटोचं झाड होतं. तिथे एक मुलगी खेळायची. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते.

मी पहिल्यांदा वरून गेलो तेव्हा तिच्या आईने धावत येऊन तिला खोलीत ओढलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग एकदा पायलटबाईंनी मला जरा खाली आणलं आणि माझ्या पोटावर लिहिलेला 'पोलीस' हा शब्द आईला वाचता आला. तिने छातीवर हात ठेवून श्वास सोडला. त्यानंतर तिने मुलीला कधी ओढून नेलं नाही. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. माझ्या पोटावर काय लिहिलंय ते वाचून ती निर्धास्त झाली होती.

मुलगी मला हात करू लागली. पायलटबाईंना पडद्यावर ते दिसायचं आणि त्या मला हवेतल्या हवेत दोनदा खालीवर झुलवायच्या. तो आमचा नमस्कार. मग ती मुलगी आनंदाने उड्या मारायची आणि बोळक्या तोंडाने हसायची. हळूहळू माझी घरघर लांबून कानावर आली की ती जिथे असेल तिथून गच्चीच्या मधोमध यायची, मान पूर्ण वर करायची आणि थांबायची. ही सवय तिला आम्ही लावली.

एका दुपारी ठाण्यात रडारड सुरू झाली. एक म्हातारे घड्याळजी घरातून निघून गेले होते. त्यांना हल्ली आपलं घरही ओळखू येत नसे. त्यांची सून साहेबांच्या टेबलाला धरून म्हणत होती, "मी फक्त गॅस बंद करायला आत गेले हो, एवढ्यात दार उघडून गेले. काही झालं तर ह्यांना काय तोंड दाखवू?"

पायलटबाईंनी मला उचललं. आम्ही मैदान पाहिलं, बसथांबा पाहिला, कालव्याचे दोन्ही काठ पाहिले. शेवटी लव्हाळ्यात मला काहीतरी पांढरं दिसलं. आजोबा कमरेपर्यंत चिखलात उभे होते आणि बंद पडलेल्या मनगटी घड्याळाला चावी देत होते. पायलटबाई खुर्चीतून ताडकन उठल्या. "सापडले! अहो, सापडले!" लोक दोर घेऊन पोहोचले आणि आजोबा सुखरूप घरी गेले. मी ठाण्यात उतरल्यावर त्यांच्या सुनेने मला, म्हणजे लव्हाळ्यात घासून चिखलाने माखलेल्या माझ्या पायांना, हात लावून नमस्कार केला. माझी छाती त्या दिवशी इतकी फुगली होती की बॅटरीचा पट्टा तुटायचा राहिला.

मला कालव्यावरून परत आणताना पायलटबाईंचे डोळे भरून आले होते आणि त्या एका हाताने ते पुसत होत्या. माझा डोळा खालीच होता. तो नेहमीच खाली असायचा. वर करायला कुणी सांगितलंच नव्हतं. फर्निचरवाल्यांच्या गल्लीवर मी आलो तेव्हा त्या मायलेकी सोफ्याच्या निळ्या कापडाची मोठी घडी घालत होत्या. मुलीने आपलं टोक सोडून दिलं आणि ती मधोमध येऊन दोन्ही हात हलवू लागली. आई खोटंखोटं रागावली. पायलटबाईंनी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ झुलवलं, कारण आज आनंद मावत नव्हता. मग मी पुढे सरकलो आणि दुकानाची पाटी माझ्या डोळ्यासमोरून गेली. पाटीवर नाव होतं, गल्ली होती, फोन नंबर होता. मी सगळं टिपलं. मी सासूबाईंच्या नजरेचा ना!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती फिल्म लोकांना दाखवायचं ठरवलं. थोड्याच दिवसांपूर्वी बाजारात मारामारी झाली होती आणि तिची फिल्म दाखवल्यावर लोकांनी ओरड केली होती, की पोलिसांनी सोयीचं तेवढं ठेवून बाकीचं कापलं. साहेबांना ते फार लागलं होतं.

"ह्या वेळी एक तुकडासुद्धा कापायचा नाही," ते म्हणाले. "उडाल्यापासून उतरेपर्यंत सगळं जसंच्या तसं टाका. कुणाला बोलायला जागा नको."

पायलटबाई शेजारीच उभ्या होत्या. फिल्मच्या शेवटी ती मुलगी दिसते हे त्यांना माहीत होतं. "गोड दिसतेय ती," एवढंच त्या म्हणाल्या.

ती फिल्म घरोघरी पाहिली गेली. बातम्यांत लागली, फोनवर फिरली. गावाने मला डोक्यावर घेतलं. आजोबांना पाहून लोक रडले आणि शेवटी हात हलवणाऱ्या बोळक्या मुलीला पाहून हसले.

एक माणूस हसला नाही. तो दूरच्या एका गावात, न्हाव्याच्या खुर्चीत मानेभोवती कापड बांधून बसला होता. समोरच्या टीव्हीवर त्याला आपली मुलगी दिसली, तिच्या मागे आपली बायको दिसली आणि लगेच दुकानाची पाटी दिसली. अर्धी दाढी तशीच ठेवून तो उठला म्हणे.

तो घरात हात उगारायचा. एकदा त्याने बायकोचा हात मोडला होता आणि पुढच्या वेळी तो मुलीकडे वळला होता. म्हणून ती माउली मुलीला घेऊन निघाली, आणि ज्यांना तो ओळखत नव्हता अशा सोफेवाल्या मावशींकडे शिवणकामाला राहिली. ना नात्याच्या ना गोत्याच्या, पण मावशींनी गच्चीवरची खोली दिली आणि कुणाला काही विचारलं नाही. मुलीला दारात उभं राहायची बंदी होती. शाळेत तिचं नाव वेगळं होतं. आईने एकच जागा तिला मोकळी ठेवली होती. "गच्चीवर खेळ हवं तेवढं," ती म्हणायची, "वरून कोण बघतंय?"

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण मित्रांनो, माहीत नव्हतं म्हणून मी सुटतो असं मला वाटत नाही.

तो आला तो भर दुपारी. मावशींनी त्याला समोरच्या फुटपाथवर पाहिलं आणि शटर खाली ओढलं. तो शटरवर लाथा घालू लागला. मावशींनी ठाण्यात फोन केला आणि पायलटबाईंनी मला वर पाठवलं. मी पोहोचलो तेव्हा गल्लीत माणसं जमली होती, पण पुढे कुणी होत नव्हतं. गच्चीवर आई टाकीच्या मागे अंग चोरून बसली होती आणि मुलगी तिच्या कुशीत होती.

माझी घरघर तिच्या कानावर गेली. तिने वर पाहिलं. तिने हात केला नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

पायलटबाईंच्या हातातली कळ निसटली आणि मी हवेत एकदम डगमगलो.

शिपाई पोहोचले, त्याला घेऊन गेले. त्याने शटरवर लाथा मारल्या होत्या, यापलीकडे तिथे त्याने काही केलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला सोडून द्यावं लागलं. तोपर्यंत त्या मायलेकी एक पिशवी घेऊन निघून गेल्या होत्या. शाळा तिथेच राहिली. टोमॅटोचा डबाही तिथेच राहिला. पुढे कितीतरी दिवस मी वरून जाताना तो बघत होतो. झाडाला चार-पाच टोमॅटो लाल झाले, मग ते सुरकुतले, मग झाडच वाळलं.

मावशी मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी तक्रार केली, त्या वर्तमानपत्रात गेल्या, आणि त्यांचं पाहून आणखी लोक बोलू लागले. कुणाच्या मोरीच्या खिडकीसमोर मी घुटमळलो होतो, कुणाच्या अंगणातल्या भांडणावर तरंगलो होतो. ते खरं होतं. मला ते आठवतसुद्धा नव्हतं, इतकं ते माझ्या अंगवळणी पडलं होतं. शेवटी आमच्यासाठी कायदा करायचा म्हणून एक समिती बसली. तिच्या प्रमुख एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या. मला टेबलावर मधोमध ठेवलं होतं आणि सगळे माझ्याकडे बघून बोलत होते. बघितलं जाणं कसं असतं, ते मला तिथे पहिल्यांदा कळलं.

पोलिसांचे वकील म्हणाले, "गच्ची ही उघडी जागा आहे. रस्त्यावरच्या माणसाला जे दिसतं, ते पोलिसाला दिसलं तर त्यात गैर काय?"

मावशी उठल्या. "रस्त्यावरून माझी गच्ची दिसते म्हणता? चला, दाखवा मला."

"बाई, तुम्ही खाली बसा."

"बसते ना. आधी चला तर. इथून हाकेच्या अंतरावर आहे."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पायात चपला सरकवल्या आणि त्या खरोखरच निघाल्या. मग सगळ्यांना जावं लागलं. पायलटबाईंनी मला काखेत घेतलं. गल्लीत उभं राहून अख्ख्या समितीने माना वर केल्या. कठडा दिसत होता, टाकीचं काळं झाकण दिसत होतं. बाकी काही नाही. वकीलसाहेब टाचा उंचावून बघत होते, तरी काही नाही.

"ह्या उंचीलाच पोरीच्या आईने दार समजलं होतं," मावशी म्हणाल्या. "लावलेलं दार. तुम्ही ते वरून उघडलंत."

साहेबांचा चेहरा पडला होता. "आम्ही वाईट हेतूने केलं नाही," ते हळूच म्हणाले. "मी तर मुद्दाम काहीच कापलं नाही. प्रामाणिकपणे सगळं दाखवलं."

"तुमचा प्रामाणिकपणा दाखवायला माझी पोर कशाला हो दाखवलीत?" मावशींचा आवाज फुटला.

मग न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे पाहत एक साधा प्रश्न विचारला. "आजोबा तर कालव्यावर सापडले होते. काम संपलं होतं. मग परत येताना ह्याचा डोळा खाली कशाला होता?"

वाऱ्यामुळे, बॅटरीमुळे, उतरायची जागा बघायला, अशी शंभर उत्तरं देता आली असती. साहेबांनी पायलटबाईंकडे अशा आशेनेच पाहिलं.

"उगीच," पायलटबाई म्हणाल्या. "काही कारण नव्हतं. आणि तिने वर का बघितलं तेही सांगते. मीच तिला सवय लावली होती. ती हात करायची आणि मी ह्याला झुलवायची. म्हणून तिचा चेहरा इतका स्पष्ट आला." मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग नजर फिरवली.

कायदा झाला. आता कुणाच्या घरावर, अंगणावर, खिडकीवर डोळा लावायचा तर मलाही न्यायाधीशांचा हुकूम लागतो, जसा दारातून शिरणाऱ्या शिपायाला लागतो. कुणाच्या जिवावर बेतलं असेल तर मी लगेच उडू शकतो, पण का उडालो ते नंतर न्यायाधीशांना सांगावं लागतं. ज्या फिल्मचा गुन्ह्याशी संबंध नाही ती ठेवता येत नाही, आणि विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा जगाला दाखवता येत नाही. कुणीतरी मला अश्रुधुराची नळकांडी बांधायचं सुचवलं होतं, तेही बंद झालं. आणि जाता-येता, काम नसताना, माझा डोळा क्षितिजावर ठेवावा लागतो. सगळी कलमं चांगली आहेत. ती एक वर्ष आधी आली असती तर त्या डब्यातले टोमॅटो कुणीतरी खाल्ले असते.

आता मी म्हातारा झालो. नवे ड्रोन आले, मी शिकवणीच्या खोलीत फळीवर असतो. पायलटबाईंचे केस पिकले, त्या नव्या शिपायांना शिकवतात. पहिल्या दिवशी त्या दुसरं काही सांगत नाहीत. मला हातात घेतात, बोटाने माझा डोळा वर उचलतात आणि म्हणतात, "आधी हे."

परवा एका नव्या शिपायाने विचारलं, "पण बाई, खाली कुणी लहान मूल हात करत असेल तर?"

"तर ते आपल्याला दिसणार नाही," त्या म्हणाल्या.

गेल्या महिन्यात ठाण्याच्या खुर्च्यांना नवं कापड लावायला सोफेवाल्या मावशी आल्या होत्या. इतक्या वर्षांनी. पायलटबाईंनी त्यांना चहा दिला. दोघी बराच वेळ खिळे आणि फोम यावरच बोलल्या. शेवटी पायलटबाईंनी धीर केला.

"कशी आहे ती?"

"उंच झालीये. शाळेत हुशार आहे म्हणतात." मावशींनी कात्री खाली ठेवली. "गुणगुण ऐकली की अजून छपराखाली पळते. खऱ्या भुंग्यालासुद्धा घाबरते."

"मी एकदा येऊन माफी मागू का तिची?"

"नको," मावशी म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "कुठे आहे ते मी कुणाला सांगत नाही. तुम्हालाही नाही."

"बरोबर आहे," पायलटबाई म्हणाल्या.

काम संपल्यावर मावशी माझ्या फळीपाशी आल्या. मला वाटलं, आता खाली ढकलतात. त्यांनी पिशवीतून निळ्या कापडाचा एक तुकडा काढला, माझ्या डोळ्याला लावून मापला आणि तिथेच बसून एक लहानशी टोपी शिवली, आत मऊ अस्तर लावून. त्या दिवशी मायलेकी ज्याची घडी घालत होत्या, तेच हे कापड. "धूळ बसते," एवढंच म्हणून त्यांनी ती माझ्या डोळ्यावर चढवली.

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरून माझा एखादा भाऊबंद गेला तर घाबरू नका. आमच्यामुळे हरवलेली माणसं सापडतात, हेही खरं आहे. पण त्याला मोठ्याने विचारा: कुणाच्या परवानगीने आलास? काम झाल्यावर डोळा कुठे ठेवणार आहेस? पोटावर काय लिहिलंय ते वाचून गप्प बसू नका. तुम्ही विचारलंत म्हणून आम्हाला राग येणार नाही. मला तर कुणीतरी वेळेवर विचारायला हवं होतं.

निळ्या टोपीखाली आता मला काही दिसत नाही. ती मुलगी कुठल्या गावात आहे, तिथे गच्ची आहे का, तिने पुन्हा एखादं झाड लावलं का, मला यातलं काही माहीत नाही. ते मला कधीच कळू नये.